बकरीवाली सीडी आणि वच्छलाबाईंची मालिका

एखादी सीडी लोक पुन्हा पुन्हा पाहतात की नाही, हे तिच्या पाठीवरच्या ओरखड्यांवरून कळतं. कारंजा घाडग्याला माझं दुकान होतं. आधी कॅसेट, मग सीडी, आणि पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले तेव्हा रिचार्ज आणि दुरुस्ती. सीडीच्या काळात मी एक गोष्ट बघितली. टीव्हीवरच्या गाजलेल्या मालिकांचे संच लोक मोठ्या हौसेनं भाड्यानं न्यायचे, पण एकदाच. परत आलेली सीडी कोरी करकरीत असायची. उलट जुन्या, काळ्या-पांढऱ्या, न बोलणाऱ्या विनोदी फिल्मांची एक सीडी होती. दहा-बारा मिनिटांची एक फिल्म, अशा काही फिल्मा तिच्यात होत्या. ती इतकी घासली गेली की शेवटी मशीन तिला वाचेना.

त्यातली एक न्हाव्याची होती. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली, तेवढ्यात दुकानात बकरी शिरते. ती टॉवेल खाते, साबण खाते, मग गिऱ्हाइकाची टोपी. न्हावी तिला हाकलायला जातो आणि दर वेळी स्वतःच पडतो. लोक तिला ‘बकरीवाली’ म्हणायचे. ढाब्यावर मुक्कामाला थांबलेले ट्रकवालेही मागून न्यायचे, कारण तिला भाषाच नव्हती.

माझी बायको लता मालिकांची. आमचा हा जुना वाद. मी म्हणायचो, मालिका दुसऱ्यांदा कोणी पाहते का? ती म्हणायची, “तुमचा तो न्हावी वीस वर्षांपासून एकाच जागी पडून राह्यला. माझ्या मालिकेत निदान माणसं पुढं तर जातात.”

मला दोन्ही किडन्यांचा आजार झाला आणि या वादाचा निकाल लागला. कोण जिंकलं, ते मात्र मला अजून सांगता येत नाही.

कळलं तो दिवस

आधी पाय सुजले. दिवसभर दुकानात उभा राहतो म्हणून असेल, असं समजलो. मग सकाळी उलट्या. ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. बीपी आहे असं एका डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं, पण काही दुखत नव्हतं. शेवटी जिना चढताना दम लागून मी मध्येच बसलो, तेव्हा लतानं वर्ध्याला नेलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, “सोबत कोण आहे?”

लता बाहेर पाण्याची बाटली भरायला गेली होती. मी म्हटलं, “मलेच सांगा.”

त्यांनी सांगितलं. चांगला माणूस होता, हळू बोलला. मी विचारलं, “किती दिवस चालन हे डायलिसिस?” त्यांनी रिपोर्ट घडी करून पाकिटात घातला. मग म्हणाले, “किडनी बदलेपर्यंत. नाही बदलली तर कायम.”

लता बाटली घेऊन आत आली. ती भरलेली बाटली मला अजून दिसते, कारण त्यानंतर तसं बाटलीला तोंड लावून पाणी मी प्यायलो नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो तर तिनं टीव्ही लावला आणि तिच्या मालिकेसमोर बसली. मला इतका राग आला की काय सांगू. माझं हे असं झालं आणि हिला मालिका सुचते? रागानं बाहेरच्या खोलीत गेलो, तर टीव्हीचा आवाज बंद होता. माणसं नुसती तोंडं हलवत होती आणि लता त्यांच्याकडे नाही, भिंतीकडे पाहत होती. मी तसाच परत फिरलो. 

तहान

कारंजाहून डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा ये-जा जमेना. दुकान बंद केलं आणि वर्ध्याला लागून सिंदी मेघेत एक खोली भाड्यानं घेतली. मुलगी पुण्याला नोकरीला. ती म्हणाली, सोडून येते. मी म्हटलं, येऊ नको. तिला ते लागलं. पुढे बरेच दिवस ती फोनवर फक्त आईशीच बोलायची.

डायलिसिसच्या वॉर्डातली समाजसेविका मला म्हणाली होती, काका, नव्या पेशंटसाठी काही लिहा, धीर येईल असं. मी हे लिहितो आहे ते तिच्या सांगण्यावरून. पण धीराचं काय सांगू? सुई जाड असते. हातावर जिथे शीर जोडतात तिथे हात लावला की आत सतत घरघर जाणवते, आणि त्या हातावर डोकं ठेवून झोपता येत नाही. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून आधी वजन करतात. दोन दिवसांत तुम्ही किती पाणी प्यायलात ते काट्यावर दिसतं, लपवता येत नाही. मग चार तास यंत्राला बांधलेले. शेवटी शेवटी पोटऱ्यांत असे गोळे येतात की मोठी माणसं आईला हाका मारतात. घरी येऊन मेल्यासारखं पडायचं. दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा वजनाचा काटा.

आणि तहान. मे महिन्यात वर्ध्यात पाणी मोजून पिणं काय असतं, हे मी कोणाला समजावू शकत नाही. लता ओल्या फडक्यानं माझे ओठ पुसायची. बर्फाचा एक खडा द्यायची, तो मी विरघळू न देता जिभेवर धरून ठेवायचो. ती स्वतः माझ्यासमोर पाणी पीत नसे. मोरीत जाऊन, दार लावून प्यायची. मला आवाज यायचा.

दिवाकर

दिवाकर माझा धाकटा भाऊ. कारंजात त्याचं कृषी केंद्र आहे. किडनी देण्यासाठी लताची तपासणी झाली तेव्हा तिलाच शुगर निघाली, त्यामुळे ती बाद झाली. तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात दिवाकरनं माझा खांदा धरला आणि म्हणाला, “दादा, माही एक घे. दोन घेऊन मी काय करू?” त्याच्या तपासण्या झाल्या. जुळलं. डॉक्टर पुढची तयारी सांगू लागले. ते काही आठवडे मी आशेवर काढले. रात्री झोपताना मनात दुकान पुन्हा उघडायचो, कुठली काच पुसायची, कुठला बोर्ड लावायचा, सगळं.

एका रविवारी तो सिंदी मेघेच्या खोलीवर आला. हातात संत्र्यांची पिशवी. मला संत्री चालत नाहीत हे त्याला माहीत होतं. पिशवी ठेवताना त्याच्या लक्षात आलं, पण उचलून ठेवायची कुठे, म्हणून ती तिथेच राहिली. तो बसल्या बसल्या मोबाइलचं कव्हर काढायचा, पुन्हा लावायचा. मला वाटलं, ऑपरेशनला घाबरला असेल, जरा हसवू. बकरीवाली मी मोबाइलवर टाकून घेतली होती. लहानपणापासून आम्ही दोघं ज्यावर हसलो असू, त्यात ती एक नंबर. मी ती लावली.

न्हावी पहिल्यांदा पडला आणि दिवाकर हसला. दुसऱ्यांदा पडला, तो जास्त हसला. बकरीनं टोपी खाल्ली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, खांदे हलत होते. मीही हसत होतो. मग फिल्म संपली आणि त्याचे खांदे थांबले नाहीत.

“दादा, माझ्यानं नाई होत.”

मी म्हटलं, “काय?”

“घरी बायको रोज रडून राह्यली. पोरं लहान हायत, म्हणते. मी लय समजावलं. पण मलेच आता भेव वाटते, दादा. तिचं नाव कायले घेऊ? मलेच वाटते.”

मी म्हटलं, “बरं.”

“तू काही बोल ना. शिव्या दे.”

“चहा घे,” मी म्हटलं.

लता आतून सगळं ऐकत होती. चहा आला नाही. ती बाहेर आली, संत्र्यांची पिशवी उचलली आणि त्याच्या हातात दिली. “हे घेऊन जा, भाऊजी. यायले संत्री चालत नाईत.” एवढंच. तो गेला.

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. स्वतःच्या पोटातला अवयव आहे, सायकल नव्हे. पण त्या दिवशी मला त्या छोट्या फिल्मांचं एक कळलं. छोटी फिल्म पुन्हा पुन्हा पाहता येते, कारण तिला काही चिकटत नाही. न्हाव्याला कालचं आठवत नाही, उद्याची चिंता नाही. दर वेळी तो नवा, आपणही नवे. आता तिला दिवाकर चिकटला होता. नंतर दोनदा लावून पाहिली. न्हावी पडला की मला दिवाकरचे हलणारे खांदे दिसायचे. बकरी यायच्या आधीच मी बंद केली. आयुष्यभर जी गोष्ट कधी संपणार नाही असं वाटायचं, ती संपली होती.

शेजारचा पलंग

वॉर्डात भिंतीवर टीव्ही आहे. आमची पाळी दुपारची, आणि त्या वेळी आदल्या रात्रीच्या मालिकेचा भाग पुन्हा दाखवतात. बायांच्या आग्रहानं तीच लागायची. मी तोंड फिरवून पडायचो. ज्याचा उद्या नक्की नाही त्याला ‘उद्याच्या भागात पाहा’ असं सांगणं मला सहन होत नसे.

माझ्या शेजारच्या पलंगावर देवळीच्या वच्छलाबाई असायच्या. साठी ओलांडलेली, घरी कापूस-सोयाबीनची शेती. मुलगा सोडायला यायचा. मालिका सुरू झाली की थोड्याच वेळात त्यांचा डोळा लागायचा, आणि संपली की जाग यायची. मग मला विचारायच्या, “भाऊ, काय झालं आज?”

पहिल्यांदा मी कानावर पडलं तेवढं सांगितलं. सासूनं कपाटाची किल्ली लपवली, सून रडली. दुसऱ्यांदा मात्र मी काहीच ऐकलं नव्हतं आणि ‘माहीत नाही’ म्हणवेना. म्हणून रचून सांगितलं. सासू लाडवांचं ताट घेऊन तणतणत निघाली, अंगणात साबणाचं पाणी सांडलेलं, तिचा पाय घसरला, लाडू वर आणि सासू खाली. मग एकेक लाडू तिच्या डोक्यावर.

वच्छलाबाईंनी मान माझ्याकडे वळवली. मग हसायला लागल्या. इतक्या की हात हलला आणि यंत्र ओरडायला लागलं. सिस्टर धावत आल्या. “आजी, हात सरळ ठेवा. काका, तुम्ही काय सांगता यांना?”

“मालिका,” मी म्हटलं.

त्यानंतर ते नेहमीचंच झालं. मी पडून विचार करायचो की आज कोणाला पाडायचं. वकिलाला पाडलं, गुरुजींना पाडलं, मोठ्या जावयाला विहिरीच्या रहाटाला लटकवलं. आजारी पडल्यापासून डोक्याला दुसरं काम असं पहिल्यांदाच मिळालं होतं. कधी कधी त्या म्हणायच्या, “आजचं राहू द्या. ते लाडवायचं सांगा पुन्हा.” आणि मी पुन्हा सांगायचो, तसंच्या तसं. एक लाडू कमी झाला तर त्या टोकायच्या. सांगत असताना मी स्वतः हसत होतो असं नाही. पण त्या हसायच्या तोवर घड्याळाकडे माझं लक्ष जायचं नाही.

एकदा मुलाऐवजी त्यांची सून आली. मी लाडवांचं सांगत होतो ते तिनं ऐकलं. जाताना मला बाजूला म्हणाली, “काका, आई हे भाग आदल्या रातीच पाह्यतात घरी. माझ्यासोबत बसून. एक चुकवत नाईत.”

पुढच्या वेळी मी वच्छलाबाईंना विचारलं, “बाई, तुमाले तर सगळं मालूम राहते म्हणे.”

“राहते ना.”

“मंग मले काऊन विचारता?”

त्या छताकडे पाहत म्हणाल्या, “टीव्हीत कोणी पडत नाई, भाऊ. रात्री पाह्यलं की वाटते, हे भांडण काई सरत नाई. अन् दुपारी पाह्यलं तरी तेच. तुमचं ऐकलं का बरं वाटते. पडते अन् उठते.”

देवळी

पावसाळा संपता संपता त्यांचं येणं बंद झालं. एक दिवस आल्या नाहीत, दुसऱ्या पाळीलाही आल्या नाहीत. सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, “आजींनी बंद केलं. घरच्यांनी लय समजावलं. नाही म्हणाल्या.”

मी लताला सांगितलं. तिनंच देवळीला जाऊ म्हटलं. यंत्र नसलेला दिवस पाहून आम्ही बसनं गेलो. सुनेनं आत नेलं. वच्छलाबाई ओसरीवर खाटेवर होत्या. चेहरा सुजून ओळखू येईना, श्वास मोठा. पण खाटेजवळ तांब्या होता, भरलेला. आमच्यासमोर त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि पाणी प्यायल्या. घोटाघोटानं नाही. गटागटा, पदर ओला होईपर्यंत. मी पाहत होतो. मला त्यांच्या मरणाचं वाईट वाटायला हवं होतं. मला फक्त पाणी दिसत होतं.

“पोटभर पिऊन राह्यली, भाऊ,” त्या म्हणाल्या.

“काऊन असं केलं, बाई?”

“थकली. बाकी काई नाई.” थोडं थांबून म्हणाल्या, “सून दोन महिने झाले माहेरी नाई गेली. पोराचा हंगाम गेला. ते नाई म्हणत काई. पण मीच थकली.”

मग त्यांनी लाडवांचं मागितलं. मी सुरू केलं. सासू निघाली, ताट घेतलं, अंगणात आली. तिथपर्यंत आलो आणि त्यांचा डोळा लागला. तेव्हा मला वाटलं, उठवून सांगावं. सुनेनं मान हलवली. मी सासूला तशीच अंगणात उभी ठेवली आणि उठलो.

चार दिवसांनी मुलाचा फोन आला. त्यानं फक्त “आई गेली, काका” एवढंच म्हटलं, आणि मी “हो” म्हटलं.

त्यानंतर

देवळीच्या बसस्टँडवर त्या भेटीच्या दिवशी आम्ही बस येण्याची वाट पाहत बसलो होतो. शेंगदाणेवाला आला, गेला. मग ती समोर पाहतच म्हणाली, “तुमाले पाणी प्यावंसं वाटलं ना, तिच्याकडं पाहून?”

मी खोटं बोललो नाही. “हो.”

“मले दिसलं.”

तिनं पिशवी मांडीवर घेतली.

“तुमाले एक दिवस तसंच वाटलं, तर मी नाई म्हणणार नाई,” ती म्हणाली. “पोरीलेही समजावून सांगीन. पण आधी मले सांगजा. सिस्टरकडून मले कळू नका देऊ.”

लग्नाला इतकी वर्षं झाली. तिनं माझ्याकडे साडी मागितली, दुकानाला रंग मागितला, एकदा शेगावला नेऊन आणा म्हटलं. असं काही तिनं कधी मागितलं नव्हतं. मी तिचा हात धरला. उजव्या हातानं, डावा जपावा लागतो. बस आली तेव्हा तिनं आधी मला चढवलं.

समाजसेविकेला हे लिहिलेलं दाखवलं तर ती म्हणेल, काका, शेवट जरा चांगला करा. ज्यांना आज कळलं आहे आणि जे आज रिपोर्ट हातात धरून बसले आहेत, त्यांना मी चांगला शेवट देऊ शकत नाही, तो माझ्याजवळ नाही. एवढंच सांगू शकतो की शेजारच्या पलंगावर कोण आहे ते बघा. त्यांना काहीतरी सांगा, खरं नसलं तरी. आणि घरच्या माणसांच्या तहानेकडेही थोडं लक्ष ठेवा. आता लता माझ्यासमोर पाणी पिते. मीच तसं सांगितलं.

आज यंत्राचा दिवस आहे. सकाळी लतानं डबा भरला, पिशवीत चादर घातली आणि दारात येऊन विचारलं, “जायचं ना?” हल्ली ती हे दर वेळी विचारते. नुसतं विचारत नाही, थांबते, माझ्या तोंडाकडे पाहते. मी वाकून चपला घालतो. मग ती कुलूप शोधायला लागते.